कुलुपाची डाक

मी लिहायला बसले की बाबूजी उठायचे. खुर्ची खिडकीकडे फिरवायचे आणि माझ्याकडे पाठ करून बसायचे. चार ओळी टाइप करायला मला पाऊण तास लागायचा. तेवढ्या वेळात त्यांची मान एकदाही वळायची नाही. खोकला आला तरी ते खिडकीकडे तोंड करून खोकायचे. "झालं का?" असंही विचारायचे नाहीत. लॅपटॉपला ते पेटी म्हणत. मी पेटी मिटली की झाकणाचा टप् असा आवाज व्हायचा. तो ऐकला की खुर्ची पुन्हा जागेवर यायची.

नोकरीत असताना ते पांढुर्ण्याला पोस्टात होते. रिटायर झाल्यावर सौंसरला आले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गाव त्यांना डाकबाबू म्हणायचं, मी बाबूजी म्हणायची. सहा वर्षं मी त्यांच्याकडे स्वयंपाक केला.

नोकरी सुटली तरी पोस्ट त्यांच्या घरातून गेलं नव्हतं. चहापत्ती ते पत्रं तोलायच्या काट्यावर तोलायचे. तारखेचा शिक्का लोणच्याच्या बरणीवर मारायचे, नव्या झाडूच्या दांड्यावर मारायचे. मिरच्यांची पुडी आली तरी तिच्यावर लाखेचा ठिपका पडायचा. त्यांच्या घराला उदबत्तीचा नाही, जळलेल्या लाखेचा वास असायचा. सकाळचे दहा वाजले की हातातलं काम टाकून म्हणायचे, "डाक निघाली." कुठली डाक, कुठं निघाली, हे मी कधी विचारलं नाही. मी कमी बोलते, आणि त्यांनाही कमी बोलणारी बाईच पाहिजे होती.

दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता. बसमध्ये शेजारच्यानं मोबाइल काढला की ते डोळे मिटून घ्यायचे. एकदा रामाकोन्याला लग्नाला निघाले. शेजारच्या माणसानं सौंसरपासून जो मोबाइल उघडला तो बंदच केला नाही. बाबूजी डोळे मिटून बसले. रामाकोना आलं आणि गेलं. पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हातून पायी मागं आले, तोवर पंगती उठल्या होत्या.

"त्याले म्हणायचं होतं ना, मोबाइल ठेव म्हणून," मी म्हटलं.

"काऊन? डोळे माझे होते," ते म्हणाले.

माझ्या लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं. मुलगा दुसऱ्या जातीचा. कोर्टात सह्या केल्या आणि दोघं निघून गेले. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. ठरवलं माझ्या नवऱ्यानं आणि दिरानं, मला कोणी विचारलं नाही. ती हाती लागली तर काय करायचं हे दीर जेवताना बोलायचा आणि मी पोळ्या वाढायची. घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याच्या खिशात. दोन वर्षं ती जिवंत आहे की नाही हेही मला कळलं नव्हतं.

एक दिवस मी कणीक भिजवत होते. बाबूजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुमच्या नावाचं पाकीट आलं आहे."

"माझ्या? मले कोण पाकीट धाडते?"

"ते आतलं झालं. मले काय मालूम? वर नाव तुमचं आहे, मार्फत माझं. हात धुवा, पुसा, मंग घ्या."

ते बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. अक्षर लेकीचं होतं. ओट्यापाशी खाली बसून वाचलं. ती अमरावतीला होती. बरी होती. आई, तुझ्याशी बोलायचा काही रस्ता आहे का, असं विचारलं होतं. मी तीनदा वाचलं आणि पाकिटासकट कागद गॅसवर धरला.

बाबूजी वासानं आत आले. पाकीट जळताना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं माय! पत्र काऊन जाळता?"

"घरी नेता येत नाही, बाबूजी."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. हात लांबवून गॅस बंद केला. मग म्हणाले, "पाकीट अर्धं राह्यलं आहे. मागं पत्ता आहे, तो आधी उतरवून घ्या." त्यांनी मला आंतर्देशीय दिलं. मी त्यावर पत्ता काढला. पत्ता बाहेरचा, म्हणून तेवढा त्यांनी चष्मा लावून तपासला आणि पिनकोडातला एक आकडा दुरुस्त करायला लावला. उरलेलं पाकीट मी जाळलं. पत्ता घरात ठेवायची माझी हिंमत नव्हती.

त्याच दिवशी त्यांनी मला कुलुपाच्या डाकेत खातं काढून दिलं. कुलुपाची डाक म्हणजे एका कंपनीची ई-मेल, ते स्वतःही तीच वापरायचे. त्यांना त्या कंपनीचा मोठा अभिमान होता. साध्या ई-मेलला ते पोस्टकार्ड म्हणायचे. "हातोहात जाते आणि ज्याच्या हातात जाते तो वाचते. ह्याच्यात तसं नाही. तुमच्या पेटीत कुलूप लागते ते पोरीच्याच पेटीत उघडते. मधात डाकवाला आहे, पण त्याच्यापाशी किल्ली नाही. डाकवाला असाच पाह्यजे." पासवर्ड घालायच्या वेळी ते अंगणात जाऊन उभे राहिले. खात्याचा पत्ता मी त्या आंतर्देशीयात लिहून पोरीला धाडला, मग तिनंही तिथंच खातं काढलं.

मी चौथीपर्यंत शिकले. एका बोटानं एकेक अक्षर शोधून लिहायची. पण पोरीचं उत्तर यायचं. आज काय भाजी केली, घरमालकीण कशी आहे, नवऱ्याला आंबाडीची भाजी आवडत नाही. एवढंच असायचं. दीड वर्ष मी त्या पत्रांवर काढलं.

मग एका सकाळी पेटी उघडली तर तिचं तोंड बदललेलं होतं. इंग्रजीत मोठी यादी होती. बाबूजींनी टोपी घातली आणि उभे राहिले. परिपत्रक बसून वाचायचं नाही, असा त्यांचा नियम. "डाकेत सुधारणा झाल्या आहेत," ते म्हणाले आणि एकेक ओळ मला मराठीत सांगू लागले.

पत्र पाठवल्यावर काही सेकंद ते परत घेता येईल. हे वाचून ते थांबले. "लाल डब्यात हात घालून पत्र काढता येत असतं तर," एवढं म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले. ज्याच्याकडे ही डाक नाही त्यालाही कुलूप घालून पत्र धाडता येईल, किल्लीचा शब्द त्याला वेगळा सांगायचा. काही लोक पत्रात बारीक चोर ठिपका घालतात. पत्र कधी उघडलं ते त्यावरून त्यांना गुपचूप कळतं. ते ठिपके आता दारातच अडवले जातील. यावर ते शाब्बास म्हणाले.

ठरलेल्या दिवशी पत्र आपोआप नाहीसं होईल, ही सुधारणा मात्र त्यांना पटली नाही. "डाकेत पत्र हरवते, फाटते, पावसात भिजते. पण आपल्या मनानं मरत नाही. हे काही बरोबर नाही."

"मले ते पाह्यजे, बाबूजी," मी हळूच म्हटलं. मला दिराची भीती होती.

"पत्र तुमचं, मर्जी तुमची." कुठं दाबायचं ते त्यांनी दाखवलं आणि खुर्ची फिरवली. मी बोट नेलं. पण पोरीची सगळी पत्रं खालोखाल दिसत होती. आंबाडीचं पत्र त्यात होतं. मी दाबलं नाही.

शेवटची सुधारणा बारा शब्दांची होती. यापुढं पेटी बदलली किंवा पुसली गेली तर नुसत्या पासवर्डानं भागणार नाही. डाक तुम्हाला बारा शब्द देईल, ते कागदावर उतरवून ठेवायचे. ते दिले तरच खातं आणि आतली पत्रं उघडतील.

"आणि कागद गेला तर?"

"तर मी नाही उघडू शकत. कंपनी नाही उघडू शकत. देव खाली आला तरी नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा पोराच्या पहिल्या नंबराबद्दल सांगणाऱ्या बापासारखा झाला होता.

शब्द इंग्रजी होते. मला ते चित्रासारखे. दोन दुपारी घालवून मी ते चित्रासारखेच उतरवले. बाबूजी पाठ करून बसले होते. "तुम्ही एकदा बरोबर आहे का पाहा," मी म्हटलं. "नाही," ते म्हणाले. मी कागद घडी करून दिला. त्यांनी तो डोळे मिटून पाकिटात घातला, लाख लावली, तारीख मारली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

घरी तो ठेवायचा कुठं? मी पाकिटाची बारीक घडी केली, लाल कापडात शिवली आणि काळ्या दोऱ्यानं गळ्यात घातली. नवऱ्यानं विचारलं, "हे काय?"

"जामसांवलीच्या मारुतीचा ताईत."

त्यानं हात जोडले. मारुतीरायाच्या नावानं मी खोटं बोलले. मला पुढं जी शिक्षा मिळाली ती याचीच, असं मी पुष्कळ दिवस धरून चालले होते.

ज्येष्ठात सासू आजारी पडली. अंगातली शक्ती गेली, अन्न जाईना. एक दिवस माझा पदर धरून म्हणाली, "सूनबाई, तुवा ताईत मले दे वं. तुले काय झालं आहे?" तिथं नवरा होता, जाऊ होती. नाही कसं म्हणायचं? मी काढून तिच्या गळ्यात घातला. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. अर्धी भाकर खाल्ली. आल्यागेल्याला ताईत दाखवून सांगायची, "लय जागृत आहे बाई. गुण आला मले." मग तो मागायची सोय राहिली नाही. श्रावणात ती गेली. तिला उचललं तेव्हा ताईत तिच्या गळ्यात होता. मी बायकांत उभी होते. मी सासूसाठी रडले आणि त्या कागदासाठीही रडले, आणि सगळ्यांना ते एकीसाठीच वाटलं.

बाबूजींना सांगायची लाज वाटली. त्यांनी इतक्या जपून लाख लावली होती. मी मनाला म्हटलं, पेटी तर आहेच, उघडते आहेच, बारा शब्द कशाला लागतात.

पोरीला दिवस गेले होते. शेवटचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, "आई, दिवाळीच्या आसपास होईल. डॉक्टरीण म्हणते थोडं जपावं लागेल. झालं की लगेच लिहीन." मी तिला लिहिलं की कागदाचं पत्र चुकूनही धाडू नको, इथं सगळ्यांची नजर आहे. डाकेतच लिही.

दिवाळीला आठ दिवस होते. कोणीतरी बाजारात दिराला म्हणालं, तुझी वहिनी डाकबाबूकडे कॉम्प्युटर चालवते म्हणे. दीर आणि नवरा दोघं संत्र्याच्या तोडीवरून तसेच आले. मी फोडणी देत होते. दीर पायातलं न काढता आत आला.

"डाकबाबू, वयनी इथं काय लिहून राह्यली? दाखवा."

"पत्र लिहितात."

"कोणाले?"

"ते मले मालूम नाही."

"तुमच्या घरात, तुमच्या मशीनवर, अन् तुमाले मालूम नाही? आमाले काय येडे समजले का?"

"तुमाले कशाले येडं समजू? मीच नाही वाचलं, तर सांगू काय?"

नवरा माझ्याकडे पाहत नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, मशीन देऊन टाका. बात खतम होईल."

मला वाटलं बाबूजी नाही म्हणतील. ते उठले, पेटीची वायर गुंडाळली, आणि पेटी दिराच्या हातात दिली. "न्या. सगळ्या बाजाराले दाखवा. आतलं एक अक्षर तुमच्या हाती लागणार नाही." त्यांचा त्या कुलुपावर एवढा भरवसा होता. आणि माझ्यापाशी बारा शब्द आहेत, हाही भरवसा होता. मी पळीसारखी उभी राहिले. फोडणी करपली.

पेटी चौथ्या दिवशी परत आली. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्याला काही उघडता आलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळं पुसून टाकलं होतं. दीर पेटी टेबलावर आपटून गेला. हाती काही लागलं नव्हतं आणि घरात माझा पगार लागायचा, म्हणून माझं काम सुटलं नाही. बाबूजी हसत होते. मी एवढं हसताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "लागलं का काही हाती? नाही ना! बसा बाई. तुमचे बारा शब्द काढा." आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली.

मी बसलेच नाही. त्यांच्या पाठीलाच सगळं सांगितलं. ताईत, सासू, श्रावण.

ते खुर्चीसकट वळले. म्हणाले, "पोरीचा ई-मेलचा पत्ता?"

"मी नुसतं तिच्या नावावर बोट ठेवायची. नाव आतच होतं."

त्यांनी कंपनीला इंग्रजीत लांब अर्ज लिहिला. चार दिवसांनी उत्तर आलं. ते उभं राहून वाचू लागले आणि त्यांचा आवाज चढला. "पाहा बाई, पाहा! म्हणतात, आमच्यापाशी किल्ली नाही. आम्ही पण उघडू शकत नाही. खोटं नाही बोलले! किती इमानदार—" माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं तसे ते थांबले. टोपी काढून टेबलावर ठेवली.

मी आयुष्यात कोणाला मोठ्यानं बोलले नाही. त्या दिवशी बोलले. "एकदा तरी त्या कागदाकडे पाह्यचं होतं, बाबूजी. मी म्हटलं होतं पाहा म्हणून."

ते त्या दिवशी जेवले नाहीत.

दिवाळी गेली. शेजारी कोणाचं बाळ रडलं की माझ्या हातातलं भांडं थांबायचं. झालं असेल का? दोघं सुखरूप असतील का? पोरीनं लिहिलं असेल, आणि ते पत्र त्या डाकेत बंद पडून असेल, आणि आई उत्तर देत नाही म्हणून ती काय समजली असेल? महिना गेला. मग माझ्या डोक्यात आलं.

"बाबूजी, तुम्ही पत्ता तपासला होता. पिनकोड दुरुस्त केला होता. आठवते का?"

ते काट्यावर साखर तोलत होते. "आठवते," ते म्हणाले.

"मंग सांगा ना!"

"नाही सांगू शकत."

मी तिथंच पाटावर बसले. रडू आलं नाही, राग आला. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि मला ते सांगितलं, जे आधी कधी सांगितलं नव्हतं. पांढुर्ण्याला नवीन असताना एका पोरीच्या नावाचं पाकीट आलं. डिंक सुटलेला. त्यांनी वाचलं. एका मुलाचं पत्र होतं, पळून जायचं ठरत होतं. पोरीचा बाप त्यांचा दोस्त. त्यांना वाटलं, दोस्ताला सांगणं आपलं काम आहे. बापानं शपथ घेतली होती, पोरीला बोटही लावणार नाही म्हणून. पंधरा दिवसांत तिला दूर कुठं तरी देऊन टाकलं. एका वर्षात तिच्या मरणाची तार आली. तार बाबूजींच्याच हाताखालून गेली.

"ते पत्र मले डब्यात परत घालता आलं नाही," ते म्हणाले. "मी लिहून डब्यात टाकलं, तर आता तुमच्या दिराची नजर पोस्टावर पण असंल. तुमाले पत्ता सांगितला, अन् घरी तुमचा हात पिळला तर?"

"मी मरीन, पण सांगणार नाही."

"तिचा बाप पण असाच बोलला होता, बाई."

मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. पोळ्या करायची, झाकून ठेवायची, निघून यायची.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी गेले तर दाराला कुलूप. इतक्या वर्षांत मी ते घर सकाळी बंद पाहिलं नव्हतं. कुलुपाच्या भोकावर लाखेचा ठिपका होता. शेजारीण म्हणाली, डाकबाबू पहाटे पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले, मफलर बांधून, हातात पिशवी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. पांढुर्ण्याहून वरुड, वरुडहून अमरावती. मी मोजत बसले.

तिसऱ्या दिवशी दार उघडं होतं. ते खिडकीपाशी बसले होते, माझ्याकडे पाठ करून. अंगात ताप होता, ते मानेवरूनच दिसत होतं. टेबलावर पाकीट. लाख लावलेलं, आजच्या तारखेचा शिक्का मारलेला.

"तुमचं पाकीट आलं आहे."

लाख फोडायचा मला धीर होईना. "बाबूजी, तुम्ही पाह्यलं का तिले?"

"मी पत्ता पाह्यला. दार वाजवलं. तुमची खबर दिली. पाकीट घेतलं."

"बरी आहे का?"

"ते आत असंल."

"बाबूजी, हात चालत नाही माझा. एवढं सांगा. तुमच्या पाया पडते."

बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. मी लाखेला नख लावून तशीच उभी. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले,

"पोरगी झाली. नाक तुमचं आहे."

आणि लगेच, जरा रागानं, "हे मी बोललो नाही. वाचा तुमचं तुम्ही."

पाकिटात पोरीचं पत्र होतं, ई-मेलचा पत्ता होता. आम्ही नवीन खातं काढलं. पुन्हा बारा शब्द आले. या वेळी मी ते पाठ केले. त्यांच्या पुतण्याची बायको आली होती, तिनं उच्चार शिकवले. अर्थ अजून माहीत नाही. पोळ्या लाटताना मी ते मनात म्हणायची आणि कधी कधी ओठांतून आवाज निघायचा. तेव्हा बाबूजी उठून नळ सोडायचे, ऐकू येऊ नये म्हणून. पाणी वाया जायचं, पण नळ बंद करा असं मी कधी म्हटलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष ते जगले. शेवटच्या महिन्यात त्यांना कूस बदलता येत नव्हती. पलंग टेबलाच्या समोरच होता आणि पाठ करणं जमत नव्हतं. मी पेटी उघडली की ते डोळे मिटायचे. झाकणाचा आवाज झाला की उघडायचे.

त्या दिवशी मी लिहिलं की नात पळायला लागल्याचं कळलं, आणि बाबूजी आज सकाळी दोन घोट चहा प्याले. लिहून पेटी मिटली. त्यांना आताशा कमी ऐकू येतं म्हणून जरा जोरात मिटली.

डोळे मिटलेलेच राहिले.

मी पेटी उघडली आणि पुन्हा एकदा मिटली.